बारापैकी शून्य

"डोळे झाकून चाखायचं, का उघडे ठेवून?" तारळेकर काकांनी विचारलं.

"उघडे चालतील. या लाल दिव्यात रंग कळतच नाही," मी म्हटलं.

"मग ठीक. मला वाटलं, आंधळी कोशिंबीर खेळायला बोलावलंय."

ते स्टुलावर नीट सावरून बसले आणि समोरच्या तीन वाट्यांकडे बघत राहिले. प्रत्येक वाटीत दोन डाव कोमट आमटी. दोन वाट्या एका मसाल्याच्या, तिसरी दुसऱ्या मसाल्याची. वेगळी कुठली ते ओळखायचं, आणि तिच्यावर चिकटवलेला आकडा कागदावर लिहायचा. 'कळत नाही' म्हणायची सोय नाही. कळलं नाही तर अंदाजाने एकीवर बोट ठेवायचं. त्यामुळे ज्याला काडीचंही कळत नाही तोसुद्धा तीनातून एकदा बरोबर येतोच. तेवढं नशिबाचं म्हणून बाजूला काढायचं आणि त्यावर किती उरतं ते बघायचं. या चाचणीला त्रिकोणी चाचणी म्हणतात, आणि सांगलीजवळच्या कुपवाडच्या त्या मसाल्याच्या कारखान्यात ती आणणारी पहिली शहाणी मी.

१९९३ सालची गोष्ट. मी हेमलता उपळेकर, गडहिंग्लजची, वय चोवीस. संख्याशास्त्रात एम. एस्सी., वर अन्नतंत्राची एका वर्षाची पदविका. नाकावर माशी बसू देत नव्हते. कारखान्याचे तरुण मालक अजितराव मगदूम यांनी मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं, ते एका अडचणीपायी. आमच्या गोड्या मसाल्यातलं भाजलेलं खोबरं तीन महिन्यांत खवट व्हायचं, म्हणून मसाला लांबच्या गावी पाठवता येत नव्हता. मी खोबऱ्यातलं तेल काढून घेतलं, तीळ आणि दगडफूल थोडं वाढवलं, आणि नऊ महिने टिकेल असा मसाला तयार केला. मगदूमसाहेबांची अट एकच होती. जुन्यात आणि नव्यात फरक कळता कामा नये.

"आणि तारळेकरला बसवा चाखायला," ते म्हणाले होते. "त्याला कळलं नाही तर जगात कुणाला कळणार नाही."

यशवंत तारळेकर कारखान्यात तीस वर्षं होते. भाजणीच्या कढयांवर लागले आणि चढत चढत चवीच्या टेबलापर्यंत आले. त्यांनी हुंगल्याशिवाय मसाल्याचा एकही घाणा पाकिटात जात नसे. सायकल फाटकाशी लावता लावता ते ओरडायचे, "नागकेशर करपवलंत रे कुणीतरी!" आणि आत खरोखरच करपलेलं असायचं. मला हा माणूस आवडायचा आणि त्याचा रागही यायचा. मी आकडेमोडीने जे आठवडाभर सिद्ध करत बसायचे, ते हे गृहस्थ चप्पल काढायच्या आत सांगून मोकळे होत. वर म्हणायचे, "आकड्याला जीभ असती तर तुझं खरं होतं गं."

चाचणीच्या आधी चार दिवस आम्ही दोघं पॅकिंगच्या मागच्या पायरीवर चहा घेत होतो. काकांनी सहज विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

"तर प्रयोगशाळा बंद. मी घरी."

"घरी काय?"

मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना सांगितलं. वडील गेल्यापासून आमचं सगळं मामांच्या हातात. मामांनी निपाणीचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. दिवाळीपर्यंत नोकरी कायम झाल्याचं पत्र दाखवलं तर स्थळाला नकार, नाहीतर मुकाट्याने पाटावर बसायचं, असं मी स्वतःच्या तोंडाने कबूल करून आले होते.

"मुलगा कसा आहे?"

"बघायला आला तेव्हा म्हणाला, गणित शिकलेल्या बाईला आमच्यात काम काय. त्याची आई हसली. मग सगळेच हसले. माझी आईसुद्धा."

"मग पत्र नाही मिळालं तर बसणार तू?"

"शब्द दिलाय ना. बसेन. दुसरं काय करू?" असं म्हणताना मला रडू फुटलं. चोवीस वर्षांची घोडी, पण पदर नाही म्हणून ओढणीला नाक पुसत रडले.

काकांनी माझा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "चहा गार होतोय, घे."

चाचणी सहा दिवस चालली. पॅकिंगमधल्या पाच बायका, गाडीवरचे दोघे ड्रायव्हर आणि काका असे आठजण. प्रत्येकाला रोज दोनदा तीन वाट्या. म्हणजे माणशी बारा खेपा, सगळ्या मिळून शहाण्णव. त्या सहा दिवसांत गजरा बंद, तंबाखू बंद, मधे तोंड स्वच्छ करायला कोमट पाणी आणि मूठभर कुरमुरे. बायकांना मोठी मजा वाटत होती. फुकटची आमटी आणि वर बसायला स्टूल. त्यांच्यातली एक रोज म्हणायची, "बाई, एक दिवस भात पण ठेवा की."

काका मात्र गंभीर होते. इतके गंभीर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पहिली वाटी नाकाशी धरायचे, मग दुसरी, मग तिसरी. चाखायचे. एखाद्या वाटीशी क्षणभर थांबायचे, ती हळूच बाजूला सारायचे, आणि उरलेल्या दोन वाट्यांकडे बघत बसायचे. मग त्यातल्या एकीचा आकडा लिहायचे. एरवी फाटकातून ओरडणारा माणूस एवढा घुटमळतोय हे मला दिसत होतं. मी मनात म्हटलं, गोंधळलेत. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

सातव्या दिवशी सकाळी मी उत्तरं ताडून बघितली. शहाण्णवपैकी पस्तीस बरोबर. नुसत्या नशिबाने बत्तीस यायला हवीत. संख्याशास्त्राच्या छापील तक्त्याप्रमाणे एक्केचाळीस आली असती तर फरक कळतो असं म्हणावं लागलं असतं. पस्तीस म्हणजे मी जिंकले होते. कागद हातात धरून मी प्रयोगशाळेत एकटीच गिरकी घेतली.

मगदूमसाहेबांनी बेरीज बघितली, मान हलवली आणि विचारलं, "तारळेकरचं काय?"

एवढ्यावर मी म्हणू शकले असते की साहेब, या चाचणीत एकेका माणसाचं बघायचं नसतं, बेरीज बघायची असते. ते खरंही होतं. पण मी वेगळा तक्ता करूनच नेला होता. पुढे सरकवला.

"शून्य?" ते म्हणाले. "बारापैकी शून्य?"

"हो सर."

"पॅकिंगच्या बायकांना सहा-सहा आलीत, आणि याला शून्य?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि याच्या नाकावर आपण कारखाना चालवतोय. लिहून द्या मला हे."

मी लिहून दिलं. एका वाक्यात. 'परीक्षक क्रमांक आठ यांच्यात चवीतील भेद ओळखण्याची क्षमता आढळून आली नाही.' खाली सही केली, तारीख घातली. वाक्य मला सुरेख वाटलं होतं. शास्त्रीय.

आठवड्याच्या आत काकांना चवीच्या टेबलावरून काढून गोडाऊनमध्ये पोत्यांच्या आवक-जावकीवर बसवलं. आणि त्याच आठवड्यात माझं कायम झाल्याचं पत्र आलं.

गोडाऊनला जाण्याआधी ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले होते. मी नव्या मसाल्याच्या पहिल्या घाण्याचं लिहीत होते.

"माझं शून्य आलं म्हणे."

मी उठले. "काका, मनाला लावून घेऊ नका. वय झालं की नाक थोडं मंदावतंच. मिरजेला एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा."

"दाखवू की." ते आत आले, पण बसले नाहीत. "शून्य म्हणजे बाराच्या बारा चूक?"

"हो."

"एक पण बरोबर नाही?"

"नाही काका."

"बरं, मला एक सांग. मी चाखलंच नसतं आणि नुसतं डोळे मिटून बोट ठेवत गेलो असतो, तर किती बरोबर आली असती?"

"चारेक," मी पटकन म्हटलं. तोंडपाठच होतं ते.

"असं," काका म्हणाले.

आणि ते थांबले. माझ्या तोंडाकडे बघत थांबले. पेन हातात, घाण्याची नोंद अर्धवट, मी कसनुसं हसले. त्यांना अजून काही विचारायचं असेल असं वाटलं. त्यांनी काही विचारलं नाही.

"तुझं गणित बरोबर आहे ना गं?"

"हो काका. दोनदा तपासलंय."

"मग झालं तर," म्हणाले आणि गेले.

पुढे कधीतरी त्यांनी नोकरी सोडली. कधी, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भेटायला जायचं मनात होतं. पण जाऊन बोलायचं काय? तुमचं नाक गेलं हे मीच लिहून दिलं, असं? मी टाळत राहिले, आणि टाळायला कामाची काही कमतरता नव्हती. मसाला चालला. दिवाळीला मामांच्या पुढ्यात पत्र ठेवलं, निपाणीला नकार गेला. चार वर्षांनी मी पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत गेले, लग्न माझ्या पसंतीने केलं, आणि हळूहळू चवीच्या चाचण्यांमधलं माझं नाव झालं. भाषणांत मी कुपवाडचा किस्सा सांगायचे. तीस वर्षांच्या अनुभवी नाकाला एका साध्या चाचणीने कसं उघडं पाडलं, हा. लोक हसायचे.

त्या चाचणीला सोळा वर्षं होईपर्यंत मी तो किस्सा सांगत होते.

मग नव्या लोकांना शिकवण्यासाठी एक वर्ग घ्यायचा ठरला. आमच्या कामात तोवर नवी मॉडेल्स आली होती. जुन्या पद्धतीत सगळ्या चाखणाऱ्यांची उत्तरं एकत्र ओतून एकच बेरीज करायचो, जणू आठ माणसं नाहीत, एकच जीभ आहे. नव्या पद्धतीत प्रत्येकाची जीभ वेगळी धरतात. या माणसाला इतक्या वेळा खरोखर कळलं, उरलेल्या वेळी त्याने अंदाज केला, असं प्रत्येकापुरतं वेगळं काढतात. अजिबात कळत नसेल तर आकडा शून्य, प्रत्येक वेळी कळत असेल तर एक. उदाहरणाला खरी माहिती हवी, म्हणून मी कुपवाडचे कागद काढले. पहिलं यश म्हणून जपून ठेवले होते.

सात जणांचे आकडे सरळ आले. आठव्याचा आला उणे अर्धा.

मला वाटलं, भरताना चुकले. पुन्हा भरलं. पुन्हा उणे अर्धा. शून्याच्या खालच्या आकड्याला या मॉडेलमध्ये अर्थच नाही. काहीच न कळणाऱ्याच्या खाली कोण असणार?

कॉम्प्युटर बंद केला आणि कागदावर केलं. एका खेपेला चुकायची शक्यता तीनातून दोन. बारा वेळा लागोपाठ चुकायचं तर दोन तृतीयांशला स्वतःनेच बारा वेळा गुणायचं. उत्तर शंभरात एकापेक्षाही कमी आलं. न कळणाऱ्या माणसाला बारापैकी एकही बरोबर न येणं जवळजवळ अशक्य आहे. सगळी चुकवायची तर आधी बरोबर उत्तर माहीत असावं लागतं.

आमच्या धंद्यातली ही खोड आहे. तक्ता वरच्या बाजूचाच बघायचा. एक्केचाळीसच्या पुढे गेलं का, एवढंच. त्याच्या खाली जे काही पडेल त्या सगळ्याला एकच नाव, 'फरक नाही'. खाली पडलेलं कुणी उचलून बघत नाही. आणि मला तर एका माणसाने दारात उभं राहून विचारलं होतं. मी उत्तरसुद्धा दिलं होतं. चारेक, म्हणाले होते.

मी टेबलावर डोकं ठेवलं. त्यांची ती बाजूला सारलेली वाटी आता मला कळली. ती दरवेळी बरोबरची वाटी होती.

काका इचलकरंजीला मुलीकडे असतात असं जुन्या पॅकिंगमधल्या एका बाईकडून कळलं. पुढच्या रविवारी गेले. मागांचा खडखडाट चाललेल्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. काका पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. वय त्र्याहत्तर, पण आवाज तोच.

"कोण? उपळेकर? ये, ये. अगं, बघ कोण आलंय!"

आतून काकू आल्या. इंदूकाकूंना मी पूर्वी एकदाच भेटले होते. त्यांनी मला ओळखलं, आणि 'या' म्हणाल्या नाहीत.

मी पिशवीतून तो जुना तक्ता काढला. त्यांच्या पुढ्यात ठेवला. बोलायचं पाठ करून आले होते, त्यातलं काही आठवेना.

"अजून ठेवलंयस व्हय हे?" काका म्हणाले.

"तुम्हाला सगळं कळत होतं."

"सगळं न्हाई. अकरा." ते हसले. "चौथ्या दिवशी मला पडसं झालं होतं. सकाळच्या तिन्ही वाट्या सारख्याच लागल्या. घाम फुटला बघ मला. म्हटलं, चुकून बरोबर आलं तर पोरीचं वाटोळं. देवाचं नाव घेतलं आणि ठेवलं बोट."

"एक आलं असतं तरी काही बिघडलं नसतं, काका." मी तक्त्यावर बोट ठेवलं. "पाच बरोबर दिली असतीत तरी बेरीज चाळीसच झाली असती. एक्केचाळीसच्या आतच राहिली असती. तुमची खुर्ची राहिली असती आणि माझी पण. कुणाला काही कळलं नसतं."

"पाच?" काकांनी तक्त्याकडे बघितलं. "ते मला कुठं ठाऊक होतं? किती चुकवलं की पुरे, हे तुला विचारावं तर तुला कळलं असतं. म्हणून सगळंच चुकवलं."

"पण का?"

"का म्हणजे? पाटावर बसायला निघाली होतीस की." जणू मीच काही खुळ्यासारखं विचारत होते. "आणि तुझा मसाला वाईट नव्हता. निराळा होता, एवढंच. लोकांना सवय झालीच की. खोटं बोललो ते फक्त माझ्या जिभेबद्दल, आणि ती माझीच होती."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ओढून घेतले. "असलं काही करू नको. मी रागावलो नव्हतो. शपथ."

"तुम्ही नसाल," दारातून काकू म्हणाल्या. "मी आहे."

"इंदू."

"नाही, बोलू द्या मला. सोळा वर्षांनी आलीय ती." त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी खाली ठेवला नाही आणि मला दिलाही नाही. "यांना घरी आल्यावर मी म्हटलं, नोकरी सोडा. पोती मोजायला कशाला जाता? तर म्हणाले, थांब. पोरगी हुशार आहे. मी तिला प्रश्न घालून आलोय, एकदोन दिवसांत तिला कळेल. कळलं की येईल. मग साहेबांना काय ते तीच सांगेल. दोन महिने रोज डब्यात दोन पोळ्या जास्त नेत होते. ती आली तर उपाशी कशी बोलेल, म्हणून. संध्याकाळी त्या दोन पोळ्या परत यायच्या. मी विचारायची, आली का? हे म्हणायचे, आज कामात असेल."

काका खिडकीबाहेर बघत होते. ते काकूंना थांबवत नव्हते.

सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते त्या दोघांनाही माहीत होतं. प्रयोगशाळेपासून गोडाऊन चाळीस पावलांवर होतं.